देठासकट भोपळा

परसातल्या वेलांमध्ये लाल भोपळ्याइतका सोशिक वेल दुसरा नसेल, आणि इतकी हयगयही दुसऱ्या कुणाची होत नसेल. उकिरड्याच्या कडेला बी पडते, मिरगाच्या पावसाने उगवते, श्रावणात वेल गोठ्याच्या छपरावर चढतो आणि भाद्रपदात गौरी दारात आल्या की हाताला लागेल ते फळ तोडून आणले जाते. ते बहुधा अर्धेच तयार झालेले असते. मग भाजीला पाणी सुटते, चव लागत नाही, गूळ वाढवावा लागतो आणि मुले नाक मुरडतात. बाजारातून पाव किलोची फोड आणणाऱ्यांनाही पुष्कळदा असेच घाईने तोडलेले फळ मिळते.

भोपळा लावावा कसा, टिकवावा कसा आणि रांधावा कसा, हे तीन वेगळे प्रश्न म्हणून आपल्याकडे लिहिले-बोलले जाते. लावणीचे सांगणारा शेतीतज्ज्ञ फळ तोडल्यावर थांबतो, पाककृती लिहिणारी सुगरण सोललेल्या फोडींपासून सुरुवात करते. मधला तोडणीचा आणि साठवणीचा काळ कुणाच्याच वाट्याला येत नाही. माझ्या मते भोपळ्याचा सगळा निकाल त्या मधल्या काळातच लागतो, आणि त्याची खूण देठावर असते. वेलावर देठ वाळेपर्यंत थांबलेले, देठासकट कापलेले आणि मग काही आठवडे ठेवलेले फळ म्हणजे वेगळीच भाजी.

आधी कोणता भोपळा ते सांगायला हवे. लाल किंवा तांबडा भोपळा, मराठवाड्यात काशीफळ, खानदेशात डांगर, गोव्यात दुदी. विदर्भातल्या अनेक घरांत कोहळं म्हटले की हाच समजतात. दुधी आणि पांढरा कोहळा त्याचे भाऊबंद खरे, पण लांबचे. दुधीचे मूळ आफ्रिकेतले, कोहळ्याचे आशियातले आणि लाल भोपळ्याचे अमेरिकेतले. लाल भोपळ्यातही तीन जाती मुख्य: मोशाटा, मॅक्झिमा आणि पेपो. आपल्याकडचा खोलगट पाकळ्यांचा, मातकट-पिवळ्या सालीचा भोपळा बहुतेक मोशाटा असतो. ओळखायला देठ पुरतो. मोशाटाचा देठ कडक, पाच धारांचा आणि फळाला चिकटतो तिथे पसरट होतो. मॅक्झिमाचा देठ गोल, जाडजूड आणि बुचासारखा मऊ. पेपोचा कडक व धारदार, पण तळाशी न पसरणारा. मोशाटाच्या पानांवर शिरांच्या बेचक्यांत पांढरट ठिपकेही बहुधा असतात. बियाणे कुठून आले हे विसरले तरी ही खूण विसरू नये, कारण पुढे बी धरताना तिचा उपयोग होतो.

मेक्सिकोतल्या ओआहाका प्रांतात गिला नाकित्झ नावाची गुहा आहे. तिथे सापडलेल्या पेपो भोपळ्याच्या बियांचे वय पुरातत्त्वज्ञ ब्रूस स्मिथ यांनी १९९७ साली सुमारे १०,००० वर्षे असे निश्चित केले. म्हणजे त्या खंडात मका येण्याच्याही आधी माणूस भोपळा लावत होता. रानभोपळ्याचा गर कडूजहर असतो, तेव्हा सुरुवात बियांसाठी आणि कवचासाठी झाली असावी. गोड गर ही पिढ्यान्पिढ्यांच्या निवडीची कमाई. १४९२ नंतर जहाजांनी हे बी जगभर नेले. आपल्याकडे ते इतके रुजले की आज अनेक मराठी घरांत लाल भोपळा उपवासाला चालतो.

ऋषिपंचमीची भाजी तर त्याच्याशिवाय होत नाही. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही असा दंडक आहे. नांगरल्या शेतातले धान्य वर्ज्य, परसात हाताने लावलेले चालते. अळू, सुरण, पडवळ, भेंडी, मक्याचे कणीस आणि लाल भोपळा यांची ती मिसळ म्हणजे परसबागेची वर्षातून एकदा घेतलेली हजेरीच. समुद्रापलीकडून आलेल्या वेलाला या यादीत जागा मिळाली, ती तो नांगराविना, उकिरड्यावर, कुंपणावर, छपरावर येतो म्हणून. शेतकऱ्याच्या हिशेबात भोपळा जागा फार खातो. परसात मात्र तो अशी जागा वापरतो जिचा दुसरा काहीच उपयोग नसतो.

लावणी अवघड नाही. देशावर जूनच्या अखेरीपासून जुलैपर्यंत बी टोकले की फळे दिवाळीच्या आगेमागे तयार होतात. उन्हाळी पीक घ्यायचे तर जानेवारी-फेब्रुवारीत. कोकणात मात्र जुलैचा धो-धो पाऊस फुलांतला पराग धुऊन नेतो, कोवळी फळे देठाशी कुजतात. तिथे पाऊस सुरू होण्याआधी उंचवट्यावर बी घालून वेल वाढवून घ्यावा आणि फळधारणा श्रावणाच्या उघडिपीत व्हावी असे बघावे. हातभर रुंद, हातभर खोल आळे, त्यात मुरलेले शेणखत आणि थोडी राख, रात्रभर भिजवलेल्या तीन-चार बिया दोन बोटे खोल, आणि उगवल्यावर दोन सशक्त रोपे ठेवून बाकीची काढायची. दोन आळ्यांत आठ-दहा फुटांचे अंतर लागतेच. काळ्या जमिनीत पाणी साचत असेल तर खड्ड्याऐवजी ढीग करून त्यावर लावावे. चार-पाच माणसांच्या घराला दोन आळी पुरेशी आहेत, आणि दुसरे पहिल्यानंतर तीन आठवड्यांनी घातले तर फळे एकदम अंगावर येत नाहीत.

ताजे शेण किंवा युरिया देण्याचा मोह टाळावा. नत्र जास्त झाले की वेल पानांनी माजतो, नरफुले ढीगभर येतात आणि मादीफुले हात आखडतात. दिवस मोठे आणि ऊन कडक असले तरी असेच होते. दिवस लहान होऊ लागले, रात्री गार झाल्या की मादीफुलांचे प्रमाण वाढते. म्हणूनच खरिपातला भोपळा उन्हाळीपेक्षा घरगुती बागेला जास्त धार्जिणा. जमिनीवर पसरलेल्या वेलाला पेरापेराशी मुळे फुटतात; त्या पेरांवर ओंजळभर माती टाकली की वेलाला जागोजागी नवे तोंड मिळते, आणि मूळ बुंध्याला कीड लागली तरी तो तगतो.

फुलांबाबत घरोघरी एकच तक्रार ऐकू येते: फुले येतात आणि गळून जातात, वेल वांझ आहे. तसे नसते. आधी आठ-पंधरा दिवस नुसती नरफुले येतात, लांब बारीक दांड्यावर. मादीफूल नंतर येते आणि त्याच्या पाकळ्यांखाली इवलासा भोपळा आधीपासूनच असतो. फुले पहाटे उमलतात आणि नऊ-दहा वाजेपर्यंत मिटू लागतात. एवढ्याच वेळात मधमाशी यायला हवी. शहरात, गच्चीवर किंवा सततच्या पावसात ती येत नाही. तेव्हा ताजे नरफूल तोडावे, पाकळ्या खुडाव्यात आणि पिवळी परागदांडी मादीफुलाच्या मधल्या भागावर हलकेच फिरवावी. सकाळी सातच्या सुमाराला केलेले हे काम वाया जात नाही. दुधीची गोष्ट उलटी आहे. त्याची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात आणि रात्रीच्या पतंगांची वाट पाहतात, म्हणून दुधीला हात लावायचा तर दिवेलागणीला. कोणतीही फवारणी करायची असेल तर तीही भोपळ्यावर सकाळी नको, संध्याकाळीच.

किडींपैकी दोन ओळखून ठेवाव्यात. रोप दोन-चार पानांचे असताना लाल भुंगे पानांची चाळण करतात. पहाटे दवाने ओल्या पानांवर चुलीची राख भुरभुरावी आणि भुंगे वेचून मारावेत. रोप एकदा मोठे झाले की ते त्याला जुमानत नाही. खरा शत्रू फळमाशी. ती कोवळ्या फळात सुई टोचावी तशी अंडी घालते, आत अळ्या होतात, फळ वाकडे होऊन सडते. फळ लिंबाएवढे झाले की त्यावर सैल कापडी किंवा कागदी पिशवी बांधावी आणि साल टणक होईपर्यंत ठेवावी. सडकी फळे बागेत पडू न देता खोल पुरावीत. क्यू ल्युअरचे गंधसापळे मिळतात, त्यांत नरमाश्या अडकतात. एकट्या घराने लावून भागत नाही, शेजाऱ्यांनीही लावले तर गुण येतो. भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, पावसाळा संपताना हमखास येते. त्या वेळेपर्यंत फळे भरली असतील तर मी तिच्यामागे लागू नये असेच म्हणेन. गंधकाची भुकटी वेलवर्गीय पिकांवर उन्हात पाने करपवते, हे लक्षात असू द्यावे.

वाणाची निवड मात्र विचाराने करावी, आणि इथे माझे मत ठाम आहे: घरासाठी लहान फळाचा वाण. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा पुसा विश्वास सुमारे पाच किलोचे फळ देतो, बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचा अर्का चंदन दोन-तीन किलोचे, आणि त्याच संस्थेचा अर्का सूर्यमुखी साधारण किलोभराचे, नारिंगी सालीवर पांढरट पट्टे असलेले. हा शेवटचा मॅक्झिमा जातीचा असून फळमाशीला प्रतिकारक म्हणून त्याची शिफारस होते. एकत्र कुटुंबात वीस माणसांच्या पंगतीला दहा किलोचा भोपळा एका दिवसात संपत असे. आजच्या चौघांच्या घरात तो कापला की दुसऱ्या दिवसापासून ओझे होतो, उरलेला फ्रिजमध्ये बुळबुळीत होतो आणि टाकला जातो. न कापलेले फळ महिनोन् महिने टिकते, कापलेले आठवडाही नाही. म्हणून एका वेळी एक संपेल एवढेच फळ हवे. मोठ्या वाणाचा वेल असेल तर त्यावर दोन-तीनच फळे धरावीत, लहान वाणावर पाच-सहा. पानांनी किती ऊन पकडले त्या हिशेबात फळे धरावीत ही दृष्टी महाराष्ट्रात श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराने रुजवली. पाने किडकी आणि फळे डझनभर असा वेल गोड गर देऊच शकत नाही.

आता तोडणी. फळ पूर्ण आकाराचे झाले म्हणजे ते तयार झाले, हा सर्वांत मोठा गैरसमज. आकार मादीफुलानंतर तीन-चार आठवड्यांतच पुरा होतो. गर भरणे, त्यात पिष्ट साठणे, बिया पोसणे हे काम त्यानंतर आणखी तितकेच दिवस चालू राहते. त्या दिवसांत बाहेरून काहीच घडताना दिसत नाही, म्हणून धीर सुटतो. तयार फळाची साल तिची चमक सोडते, मोशाटावर पांढुरकी पावडर धरते, जमिनीला टेकलेली बाजू गडद पिवळी होते. नख रोवून पाहावे. साल दबली तर अजून वेळ आहे, नख घसरले तर फळ झाले. आणि देठ: हिरवा, रसदार देठ म्हणजे वेल अजून फळाला भरवतो आहे. देठ तपकिरी होऊन सुकू लागला, त्यावर बुचासारख्या रेघा उमटल्या की पुरवठा थांबला. पुसा विश्वास किंवा अर्का चंदनसारख्या वाणांना पेरणीपासून साधारण चार महिने लागतात, त्यामुळे जूनअखेर लावलेला भोपळा गणपतीत तोडणे म्हणजे त्याचा निम्मा गुण वेलावरच सोडणे. सणासाठी एक कोवळे फळ खुशाल घ्यावे, कोवळ्याची भाजी वेगळी आणि चांगली होते; बाकीची मात्र दसऱ्यापर्यंत हलवू नयेत. तोवर फळाखाली वीट, कौलाचा तुकडा किंवा पेंढा सरकवून ठेवला की ओल्या मातीने तळ कुजत नाही. मांडवावरच्या फळाला जुन्या कापडाची झोळी बांधावी.

तोडताना फळ पिरगाळू नये. धारदार विळ्याने चार बोटे देठ ठेवून कापावे. देठ निखळला तर तिथे उघडी जखम राहते आणि बुरशी तिथूनच आत शिरते. देठाला धरून फळ उचलण्याची सवयही वाईट, कारण वजनाने तो सांध्यातून हलतो. असे फळ वेगळे ठेवून पहिल्यांदा खावे. पाऊस पडून गेलेल्या सकाळी तोडणी नको. दोन-चार कोरड्या दिवसांनंतर, दव उडाल्यावर करावी, आणि फळ धुऊ नये; माती वाळली की कापडाने पुसावी.

थंड देशांत तोडलेल्या भोपळ्याला आधी उबेत मुरवतात: २७ ते २९ अंश सेल्सिअसला सुमारे दहा दिवस. या काळात साल आणखी कडक होते, ओरखडे भरून येतात, देठ पुरता सुकतो. मग १० ते १३ अंशांच्या, कोरड्या पण अगदी शुष्क नव्हे अशा खोलीत ठेवतात. आपल्याकडे पहिले काम ऑक्टोबरचा उकाडा आपसूक करतो. ओसरीवर किंवा पत्र्याच्या सावलीत, ऊन थेट लागणार नाही पण वारा खेळेल अशा जागी आठ-दहा दिवस फळे पसरून ठेवली की झाले. दुसरी अट आपल्याला पाळता येत नाही, फेब्रुवारीनंतर तर मुळीच नाही. तरी पुरते पिकलेले, अखंड देठाचे फळ साध्या घरातही तीन-चार महिने आरामात राहते. कौलारू घरांत माळा हीच त्याची जागा असे. कोकणात व गोव्यात भोपळे, कोहळे, मोठ्या काकड्या दोरीने गुंफून वाशांना टांगतात, तेही याचसाठी: जमिनीची ओल नको, उंदीर नको, चहूबाजूंनी हवा हवी. फ्लॅटमध्ये माळा नसतो, पण उत्तरेकडच्या खोलीतल्या फळीवर गोणपाट घालून एकमेकांना न टेकणारी चार फळे मावतात. केळी-आंब्यांच्या शेजारी मात्र ठेवू नयेत. पिकणाऱ्या फळांतून निघणारा वायू भोपळ्यालाही लवकर उतरवतो. सिमेंटच्या फरशीवर थेट ठेवले तर तळाला ओल धरते.

अखंड भोपळा फ्रिजमध्ये ठेवणे ही चूक आजकाल सर्रास होते. दहा अंशांच्या खाली त्याला थंडी बाधते. आत असताना काही कळत नाही, बाहेर काढल्यावर सालीवर खड्डे पडून तो झपाट्याने नासतो. फ्रिज कापलेल्यासाठी: बिया आणि धाग्यांचा मऊ भाग आधी खरवडून काढावा, कारण सड तिथून सुरू होते, आणि फोड झाकून चार-पाच दिवसांत संपवावी. त्याहून जास्त उरला तर वाफवून, कुस्करून, डब्यांत भरून फ्रीझरमध्ये टाकावा. घारगे, थालिपीठ, भरीत यांना तो चालतो, फोडींच्या भाजीला चालत नाही. आणि आठवड्यातून एकदा साठवलेल्या प्रत्येक फळाचा तळ अंगठ्याने दाबून पाहावा. जिथे मऊ लागले ते फळ त्याच दिवशी कापायचे. एक सडलेला भोपळा रात्रीत शेजारच्या दोघांना घेऊन जातो.

साठवणीत फळ नुसते टिकत नाही, बदलते. तोडताना गरात पिष्ट भरपूर असते. पुढच्या आठवड्यांत त्याची साखर होत जाते, आणि मोशाटा व मॅक्झिमा जातींत गराला रंग देणारी पिवळी-नारिंगी द्रव्येही काही काळ वाढतात. म्हणून तोडल्यावर दोन-तीन आठवड्यांनी कापलेला भोपळा ताज्यापेक्षा गोड आणि रंगाने गडद निघतो. तीन महिन्यांनंतर उतार लागतो: पाणी कमी होते, गर दोरखंडी होतो, चव पातळ होते. माझ्या लेखी भोपळा खाण्याचा काळ म्हणजे दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, थोडा ताणून होळीपर्यंत. जपानी लोक मकरसंक्रमणाआधीच्या सर्वांत लहान दिवशी, डिसेंबरात, आवर्जून भोपळा खातात. उन्हाळ्यात काढलेले फळ हिवाळ्याच्या मध्याला खाण्याची ती रीत साठवणीच्या या शहाणपणावरच उभी आहे.

कोहळ्याची साठवण आपल्याकडे जास्त जपली गेली. त्याच्या सालीवरचा मेणचट पांढरा थर त्याला लाल भोपळ्यापेक्षाही लांब पल्ला देतो, आणि जे उरते त्याचे उन्हाळ्यात सांडगे होतात: किसलेला कोहळा, भिजवून वाटलेली डाळ, मिरची, हिंग, जिरे. लाल भोपळ्याला वाळवणात अशी जागा आपण कधी दिली नाही. तो अखंडच राहतो, मग वाळवायचा कशाला, असा हिशेब त्यामागे असेल तर तो बरोबरच होता.

स्वयंपाकघरात फळाचे वय पहिले बघावे. दहा-पंधरा दिवसांचे कोवळे फळ सालीसकट चिरून, मूगडाळ किंवा हरभऱ्याची डाळ घालून दुधीसारखे करावे. शेंडे आणि कोवळी पाने खुडली तर वेलाला बाजूचे फुटवे येतात आणि ताटात एक पालेभाजी वाढते. देठावरची केसाळ साल ओढून काढायची, बारीक चिरायची, लसूण-मिरचीच्या फोडणीवर परतून वर ओले खोबरे. बंगालात, ओडिशात ही रोजची भाजी आहे, आपल्याकडे मात्र कित्येक घरांत वेल वाढवूनही पाने खातात हेच ठाऊक नाही. फुलांची भजी करायची तर नरफुले घ्यावीत, तीही सगळी नव्हे. सकाळी मधमाशीचे काम उरकल्यावर दहाच्या पुढे तोडली म्हणजे परागाचेही नुकसान नाही.

पिकलेल्या फळाची परीक्षा घारग्यांत होते. भोपळ्याचा कीस आणि गूळ शिजवून, निववून, त्यात मावेल तेवढीच कणीक, थोडी तांदळाची पिठी, मोहन, चिमूटभर मीठ, जायफळ. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. इथे अर्धेकच्चे फळ उघडे पडते: त्याच्या किसाला पाणी इतके सुटते की कणीक दुप्पट घालावी लागते, आणि घारगे गव्हाच्या गुळमट पुऱ्या होऊन तासाभरात वातड होतात. मुरलेल्या भोपळ्याचा कीस घट्ट असतो, गूळ कमी लागतो, पीठ कमी लागते, आणि खसखस लावून तळलेले घारगे तिसऱ्या दिवशीही मऊ राहतात. पाककृतीत किती वाट्या पीठ लिहिले आहे याला म्हणून फारसा अर्थ नाही. मिश्रण कढईची कड सोडेपर्यंत आटवावे आणि पीठ हाताने ठरवावे.

भरीत त्याहून सोपे आणि मला वाटते जास्त चवीचे. फोडी वाफवून, जाडसर कुस्करून, पूर्ण निवल्यावर दही, मीठ, थोडी साखर, आणि वरून तुपाची फोडणी: मोहरी, हिंग, कढीपत्ता, हिरवी मिरची. उपवासाला मोहरी-हिंग वगळून तूप-जिरे आणि दाण्याचे कूट. भाजीत मेथीदाण्याला पर्याय नाही; तेलात तांबूस झालेले आठ-दहा दाणे भोपळ्याच्या गोडव्याला कडवट आधार देतात, मग गूळ टाकावा लागत नाही, चिंचेचा कोळ किंवा आमसूल आणि गोडा मसाला पुरतो. विदर्भात लग्नाकार्याला खसखस आणि सुके खोबरे भाजून वाटलेली बाकर भाजी करतात, तिला कोरडा, भरलेल्या गराचाच भोपळा लागतो. गोव्याच्या खतखत्यात तो तिरफळाच्या वासात इतर कंदभाज्यांबरोबर शिजतो. कुठल्याही भाजीत पाणी घालण्याआधी झाकणावर पाणी ठेवून पाहावे. फोडी आपल्याच ओलाव्यात शिजतात आणि मोडत नाहीत. साल फारच टणक असेल तर हात कापून घेण्यापेक्षा मोठे तुकडे सालीसकट कुकरमध्ये वाफवावेत, गर चमच्याने सुटून येतो.

शंभर ग्रॅम भोपळ्यात नव्वद ग्रॅमच्या वर पाणी आणि जेमतेम २६ किलोकॅलरी. त्याची थोरवी बीटा कॅरोटिनमध्ये आहे, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते. लहान मुलांचे अंधत्व टाळण्यासाठी अ जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा कार्यक्रम आपल्या देशाने १९७० साली सुरू केला. त्याच जीवनसत्त्वाचा एक स्रोत उकिरड्यावर आपोआप उगवतो, आणि पोषण परसबागांच्या आखणीत पालेभाज्यांच्या वाफ्यांपुढे तो बहुधा कडेला राहतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. कुंपणाची एक बाजू त्याला द्यावी. बीटा कॅरोटिन स्निग्धाबरोबरच अंगी लागते, म्हणून फोडणीचे तेल-तूप तिथे चैनीचे नसते. बियाही टाकू नयेत. धुऊन, वाळवून, मंद भाजून सोलाव्यात. गराच्या मानाने त्यांत प्रथिने कितीतरी जास्त, सोललेल्या बियांच्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास.

एक सावधगिरी मात्र हवीच. कापल्यावर कच्च्या फोडीचा कण जिभेला लावून पाहावा, आणि कडू लागला तर अख्खे फळ टाकावे. हा कडवटपणा कुकरबिटासिन नावाच्या द्रव्यांचा असतो आणि शिजवून जात नाही. दुधीच्या कडू रसाने मृत्यू झाल्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञ समिती नेमली होती. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांतही कडू रस पिऊच नये असे स्पष्ट सांगितले आहे. शेजारच्या कडू वेलाचा पराग बसल्याने यंदाचे फळ कडू होत नाही. संकराचा परिणाम त्या फळातल्या बियांतून पुढच्या वर्षी उतरतो.

अमेरिकेत, इंग्लंडमध्ये राहणारी मराठी कुटुंबे ऑक्टोबरात दुकानांत भोपळ्यांच्या राशी पाहून हरखतात आणि घारगे बिघडतात. हॅलोविनला कोरायचे ते भोपळे पेपो जातीचे, पातळ गराचे, पाणचट. घारग्यांना आणि भरताला बटरनट घ्यावा. दिसायला दुधीच्या चुलतभावासारखा असला तरी तो मोशाटा, म्हणजे आपल्या लाल भोपळ्याच्याच जातीचा. किंवा मग कोरड्या गराचा जपानी काबोचा. तिथल्या घरांत हिवाळ्यात गार राहणारे तळघर किंवा गॅरेज असेल, आणि पारा दहाच्या खाली जात नसेल, तर साठवणीची आदर्श खोली त्यांना आयती मिळाली आहे.

राहिले बी. नगर जिल्ह्यातल्या, आता अहिल्यानगरमधल्या, कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणे जपण्याच्या कामासाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, आणि परसातल्या वेलांचे बी घरात राखणाऱ्या असंख्य बायकांच्या कामाकडे प्रथमच एवढे लक्ष गेले. भोपळ्याचे बी राखायला सोपे, पण आसपास त्याच जातीचे दुसरे वाण असतील तर मधमाशा संकर घडवतात. संध्याकाळी, उद्या उमलेल अशी एक मादीकळी आणि दोन-तीन नरकळ्या दोऱ्याने बांधून ठेवाव्यात, सकाळी हाताने परागण करून मादीफूल पुन्हा बांधावे आणि त्या देठाला रंगीत चिंधी लावावी. बाजारातल्या संकरित वाणाचे बी धरू नये, ते पुढच्या वर्षी पालटते.

कोणत्या फळाचे बी धरावे याबाबत साधारण सल्ला असतो: सर्वांत मोठ्या, सर्वांत लवकर आलेल्या. मी म्हणेन, चिंधी बांधलेल्या फळांपैकी जे सर्वांत जास्त टिकले आणि कापल्यावर गोड निघाले त्याचे. तोडल्यानंतरही महिना-दोन महिने फळात राहून बी अधिक पोसले जाते, तेव्हा थांबण्याने नुकसान नाही. फार लांबवले तर मात्र बिया आतच मोड काढतात, म्हणून होळीच्या पुढे जाऊ नये. बिया गरातून सोडवून धुवाव्यात, पाण्यावर तरंगणाऱ्या पोकळ बिया काढून टाकाव्यात, बाकीच्या सावलीत आठवडाभर वाळवून राखेत घोळून कोरड्या डब्यात भराव्यात. डब्यावर वाणाचे नाव, तोडणीची तारीख आणि ते फळ किती दिवस टिकले हा आकडा लिहावा. दोन-तीन हंगाम असे केले की त्या घराचा स्वतःचा, तिथल्या हवेत टिकणारा भोपळा तयार होऊ लागतो.